मिशी गेली, कापूस वाचला

मुक्काम वलगाव, आश्विन वद्य षष्ठी, शके सतराशे शहाऐंशी.

तीर्थस्वरूप सौभाग्यवती माणिकबाई, मुक्काम अकोला, यांच्या पायावर धाकटा भाऊ खुशालराव याचा डोकं टेकवून दंडवत. इकडे सारं क्षेम हाय. पत्रात असं लिहायचा रिवाज हाय म्हणून नाई लिहून राहिलो बाई, खरोखरच क्षेम हाय, अन् ते थोडक्यात कसं राहिलं ते पुढं येईलच. तुही कंबर कशी हाय? पावसाळ्यात धरली होती म्हणे. एरंडाचा पाला गरम करून बांधत जा. भाऊजीचा खोकला कसा हाय? गेला असंल तर चांगलंच झालं, पण हे पत्र वाचेपर्यंत तो थोडासा परत आणता आला तर माह्यावर उपकार होतील.

(भाऊजी, तुमाले शिरसाष्टांग नमस्कार. अशा दोन वाकड्या रेघांच्या मधात जे लिहिलं असंल ते तुमच्यापुरतं हाय. बाईले पत्र मोठ्यानं वाचून दाखवाल तवा ते मनातल्या मनात वाचा. बाईनं विचारलं, काहून थांबले, तर खोकला आला म्हणा. कुळकर्ण्याकडून पत्र लिहून घेतलं असतं तर अक्षर सुंदर आलं असतं, पण तो लिहिता लिहिता साऱ्या चावडीले ऐकवतो, म्हणून स्वतःच लिहून राहिलो. अक्षराले नावं ठेवू नका.)

तर बाई, पयले एक गोष्ट सांगून टाकतो. हे पत्र सूर्यभान गाडीवाला घेऊन येईल, अन् पत्र हातात द्यायच्या आधी त्याचं तोंड सुरू होईल. तो सांगंल, खुशालरावाची मिशी गेली. ते खरं हाय. पण तू छाती पिटून घेऊ नको, घरातलं कोणीच गेलं नाई. मनकर्णा हाय, पोट्टे हायत, बैलं हायत, म्हातारी गाय पण हाय. फक्त मिशी गेली. अर्धी जळाली, अन् अर्धी ठेवून गावात फिरणं बरं दिसत नाई म्हणून मीच नाव्यापुढं बसून काढून टाकली. झालं! दुसऱ्या दिवशी सकाळीच पलीकडच्या आळीतले लोक डोक्याले फडके बांधून आंगणात येऊन गुपचूप बसले. कोणी बोलंना, कोणी उठंना. एकानं माह्या खांद्यावर हात ठेवून लंबा सुस्कारा सोडला, तर मलेही क्षणभर वाटलं की कोणीतरी गेलं असंल अन् मलेच कोणी सांगितलं नसंल. शेवटी मनकर्णा कपाळभर कुंकू लावून बाहेर आली अन् म्हणाली, "कोण मेलं हो बाप्पा? आमालेही सांगा." तवा कुठी ते उठले. तुह्यापर्यंत ही बातमी वाकडीतिकडी येऊ नये, एवढ्यासाठीच हे पत्र लिहून राहिलो. दुसरं काहीच कारण नाई.

तुले भाऊबीजेले बोलावण्यासाठी तर मी मुळीच लिहून राहिलो नाई. सूर्यभानाजवळ तू मागच्या खेपेले जो निरोप पाठवला तो मले मिळाला. "त्याले सांग, तुह्या घरात कापूस राहतो, माणसाले जागा नाई. अन् दिवाळीत दारावर उजेडही नाई. या साल मी येत नाई." सूर्यभानानं तो निरोप मले एकट्याले नाई सांगितला, पाराजवळ गाडी उभी करून साऱ्यायसमोर सांगितला, अन् तुहा आवाज काढून सांगितला. मी म्हणलं, नाई तर नाई. मलेही राग येतो. एवढी वर्षं भाऊबीजेले तू आली, एक साल नाई आली तर काय पेढी नदी उलटी वाहणार हाय का? असं मी म्हणलं, अन् घरात येऊन जेवाले बसलो, तर भाकर घशाखाली उतरंना. (भाऊजी, हे शेवटचं वाक्य या रेघांच्या आत टाकायचं राहून गेलं. इथं खोका.)

आता तूच सांग, मागच्या दिवाळीत माही काय चूक होती? साता समुद्राच्या पलीकडे कोण गोरे कोणत्या गोऱ्यायशी भांडून राहिले, मले त्यायचं नावही घेता येत नाई, पण त्यायच्या भांडणापायी इकडे कापसाले असा भाव आला की लोकायनं तुळशीच्या वृंदावनाभोवतीही सरकी टोचली. मंग मी कापूस धरून ठेवला. सारेच धरून होते. ओसरीवर कापूस, माजघरात कापूस, माळ्यावर कापूस, अन् तुह्या खोलीत तर खालपासून वरपर्यंत रुईच रुई. तू आली तर तुले निजाले जागा म्हणून कापसाच्या ढिगाले एक खळगा करून दिला, अन् सकाळी तू उठली तर डोकं पांढरंफेक. पोट्टे म्हणाले, आत्याबाई एका रातीत म्हाताऱ्या झाल्या. अन् कापसाच्या घरात दिवा कसा लावू? एक निरांजन लावलं, तेही परातीत पाणी ठेवून तिच्या मधात. तू अंदाजानं ओवाळलं अन् कुंकू माह्या नाकाले लावलं. मी काही बोललो का? पण तुले राग आला. जाताना गाडीत बसून म्हणाली, "आबा होते तवा या घराचा दिवा नदीच्या उतारावरून दिसे."

हे मात्र मले लागलं बाई. खरं सांगतो. कारण ते खरं होतं. आबाचा आकाशदिवा तुले आठवते ना? कोजागिरीले जो वर चढे तो कार्तिकी पुनवेपर्यंत रोज सांजच्याले चढे. कामट्याचा सांगाडा आबा स्वतः बांधत, त्याच्यावर तेल लावलेलं खादीचं फडकं, अन् आतली बोटाएवढी जाड वात तू वळायची. मी फक्त दोर धरायचो, अन् दोर धरला म्हणून साऱ्या गावात छाती काढून फिरायचो. आबा गेले तेव्हापासून तो सांगाडा माळ्यावर होता, अन् त्याच्यावर कापूस पडला तेव्हापासून तो सांगाडा राहिला नाई, सरपण झाला. मंग निरोप ऐकल्यावर मी ठरवलं की आपण आकाशदिवा करायचा. तुह्यासाठी नाई. घराच्या इज्जतीसाठी.

पयले म्हणलं, अमरावतीले जाऊन पाहून यावं, आजकालची तऱ्हा काय हाय. तिथं कापसाच्या पेढ्यायवर काय थाट हाय बाई! लाल हंड्या, हिरव्या हंड्या, काचेची लोलकं टांगून राहिलेली. मी एका हंडीजवळ जाऊन नुसतं वाकून पाह्यलं, तर पेढीवरचा पहारेकरी म्हणाला, "ए पाटील, दूर से देखो." दूर से! ज्या कापसावर ती हंडी लटकली तो कापूस आमच्या वावरातला, अन् मी दूर से देखू? तिथंच ठरवलं की दुकानातली हंडी घरी आणायची नाई. आणली तर ती दुकानाचीच राहते. घरी येऊन मनकर्णेले म्हणलं, मी स्वतः बनवतो. ती जातं ओढून राहिली होती. ती म्हणाली, "मागच्या साली तुमी पोट्ट्यासाठी पाळणा बांधला होता. पोट्टं अजून त्या पाळण्याले पाहून रडते." पीठ भरून निघून गेली. बायकोचं असं असते भाऊजी. (हे मोठ्यानं वाचलं तरी चालंल, बाई तिच्याच बाजूची हाय.)

कामट्या आणाले मी शेजारच्या सहदेव माळ्याकडे गेलो. त्याच्या वाडीत कारल्याचा मांडव हाय. तो म्हणाला, त्या कोपऱ्यातल्या दोन काड्या सुट्या हायत, त्या घ्या. मले त्या जरा वाकड्या वाटल्या, म्हणून मी चांगल्या सरळ पाहून मधातल्या ओढल्या. आता मांडवाच्या मधातली काडी ओढली की काय होते हे मले काय माहीत? मी कापूसवाला माणूस. सारा मांडव खाली बसला, मी अन् सहदेव दोघंही त्याच्या खाली, अन् वरून कारली. सहदेव सज्जन माणूस हाय, तो नुसतं एवढंच म्हणाला की खुशालराव, तुमाले काही लागलं तर घरून निरोप पाठवत जा, स्वतः येऊ नका.

सांगाडा मी आबासारखा आठकोनी बांधाले बसलो. एक कोन बांधला की दुसरा सुटे. सातवा बांधला तर पयल्याचा पत्ता नाई. शेवटी कोनाचा नाद सोडला अन् जसं जमलं तसं गोल केलं. ती गंगूबाई तुले आठवत असंल, आपल्या आंगणात चरख्यावर कापसातली सरकी काढाले येते ती, तिनं तो सांगाडा पाह्यला अन् मले शाबासकी देऊन म्हणाली, "डालं झकास झालं मालक." मी सांगाडा तिथंच ठेवून जेवाले गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर तिनं खरंच आपली कोंबडी त्याच्याखाली झाकून ठेवली होती, अन् कोंबडीनं तिथं अंडं दिलं होतं. कोंबडी बाहेर काढली तर ती फिरून फिरून आत. तेव्हापासून ती माह्याकडे अशी पाहते जसं मी तिचं घर बळकावलं.

मंग त्याच्यावर कापड. माहं एक जुनं धोतर होतं, ते ज्वारीच्या पिठाची खळ करून चिकटवलं, अन् वाळाले कोठ्यात ठेवलं. कोठ्यात वासरू होतं. वासरानं एका बाजूची सारी खळ चाटून साफ केली, धोतराचा काठही चघळला. पुन्हा खळ, पुन्हा धोतर, अन् या खेपेले ते माळ्यावर ठेवलं. उजेड चांगला फाकावा म्हणून आबा कापडाले तेलाचा हात फिरवत. नुसता हात. मी म्हणलं, हातानं एवढा उजेड पडते तर वाटीनं किती पडंल! करडीच्या तेलाची अख्खी वाटी ओतली. ते थेंब थेंब गळे. मी म्हणलं, गळू दे, कोजागिरीपर्यंत सुकंल.

राहिली वात. आता ऐक बाई, ही गोष्ट मी मनकर्णेलेही पुरती सांगितली नाई. सारं घर कापसानं भरलेलं, अन् वातीले रुई नाई! चरखा सणामुळे बंद. काढलेली सारी रुई तुह्या खोलीत, खोलीले कुलूप, कुलपाची किल्ली मनकर्णेच्या कमरेले. अन् दसऱ्याच्या आधी मीच तिले बजावून ठेवलं होतं की या खोलीतली चिमूटभर रुईही बाहेर जाऊ द्यायची नाई, कोणीही मागितली तरी नाई, अगदी मी मागितली तरी नाई. मी मागाले गेलो. ती म्हणाली, "तुमीच मागून राहिले ना? तुमाले तर देऊच नको म्हणलं तुमी." अन् हसली. एवढी खूष मी तिले कारल्याच्या मांडवाची गोष्ट सांगितली तेव्हापासून पाह्यली नव्हती. मंग मी काय केलं, आंगणातल्या गंजीतला मूठभर कापूस उचलला, सरकी असलेलाच, अन् कोणाले दिसू नये म्हणून कोठ्यात बैलायच्या मागं बसून वात वळली. सरक्या निघाल्या तेवढ्या काढल्या. राहिल्या त्या राहिल्या. म्हणलं, सरकीत तेलच असते, उलट चांगली जळंल.

अन् वर चढवाले गडगडी पाहिजे. ती घरात एकच, विहिरीवरची. दोरही विहिरीचाच. मी दोन्ही काढून आणले अन् आंगणातल्या उंच बांबूच्या टोकाले बांधले. मनकर्णेनं विचारलं, पाणी कसं काढायचं? मी म्हणलं, एका सांजेपुरतं तर हाय.

कोजागिरीले चांद वर येता येता सारी आळी आंगणात जमली. आबाच्या वेळी दुधात गूळ असे, पण आता कापसाचे दिवस, म्हणून खडीसाखर, चारोळी, वरून केशर, अशी मोठी कढई चुलाण्यावरून उतरवून चांदण्यात ठेवली होती. वाट्या हातात घेऊन लोक बसले. मी दिव्यात तेल घातलं, वात पेटवली, अन् दोर ओढला. बाई, वर गेला! कुरकुरत गेला, डुलत गेला, पण बांबूच्या टोकाले जाऊन उभा राहिला. डाल्यासारखा दिसे ते कबूल, पण उजेड असा पिवळाधमक पडला की निंबाचं एकेक पान मोजून घ्यावं. गंगूबाईनं हात जोडले. अन् मी काय केलं सांगू? मी नदीकडे पाह्यलं. तिकडून कोणाले दिसत असंल का म्हणून. कोणाले म्हणजे कोणालेही.

तेवढ्यात वर तड् झालं. मंग तडतड. सरक्या तापून फुटून राहिल्या होत्या, अन् ठिणग्या उडून राहिल्या होत्या. लोकायले वाटलं, खुशालरावानं दिव्यात फटाकेही भरले. "वा खुशालराव! वा!" टाळ्या पडल्या. माणूस किती मूर्ख असते पाहा, मी पागोटं सारखं करून लवून रामराम घेतला. खाली लवलो होतो तवाच धोतरानं पेट घेतला. वाटीभर तेल पिऊन बसलेलं धोतर ते, भडकायले काय वेळ? मी दोर खाली ओढला तर गडगडी अडकली. "पाणी आणा, पाणी!" मनकर्णा ओरडली. सारे विहिरीकडे धावले अन् तसेच परत आले. दोर वर, गडगडी वर, अन् विहीर आपली शांत.

बाई, तवा मी वर पाह्यलं, मंग खाली पाह्यलं. बांबूच्या एका बाजूले घर, अन् दुसऱ्या बाजूले, चार पावलांवर, कापसाची गंजी. दोन सालाचा कापूस. त्याच्याकडे पाहून मी मागच्या साली बहिणीले अंधारात ओवाळू दिलं, तोच कापूस. मले कापूस दिसलाच नाई, मले दिसलं की आंगण पेटलं तर घर पेटंल अन् घरात माही लहानगी पोरगी निजली हाय. मनकर्णा आत धावली अन् पोरीले घेऊन बाहेर आली. अन् इकडे दोर जळून तुटला, अन् ते पेटलेलं डालं सरळ गंजीच्या कडेवर येऊन पडलं.

मी घोंगडी घेऊन त्याच्यावर उडी घेतली. लोक म्हणतात शूरपणा केला. शूरपणा काहाचा, पाय घसरला अन् पडलो, पण पडलो नेमका जिथं पडाले पाहिजे तिथं. (भाऊजी, घसरलो हे खोकून टाका. शूरपणा राहू द्या.) घोंगडीखालून धूर, माह्या नाकाखालून धूर. तेवढ्यात मनकर्णेनं पोरगी गंगूबाईच्या मांडीत टाकली, सहदेवाले हाक मारली, अन् दोघायनं मिळून ती दुधाची कढई उचलली अन् सारीच्या सारी ओतली. गंजीच्या कडेवर, डाल्यावर, अन् माह्यावर. चर्र झालं अन् सारं विझलं.

मी केशराच्या दुधात न्हाऊन कापसावर पालथा पडलेलो, कानात चारोळी, मिशी अर्धी. वरून चांद तसाच. मागून कोणीतरी म्हातारा रिकामी वाटी पुढं करून म्हणाला, "आता आमी काय पिवाव?" अन् मनकर्णा, जी माह्यावर चिडाले पाहिजे होती, ती हसाले लागली. हसता हसता रडली, अन् रडता रडता तिनं मले अशी काही नावं ठेवली की लिहिता येत नाई. मीही हसलो. सारी आळी हसली. वरची टोपलीभर गंजी काळी झाली, बाकी सारं जसंच्या तसं. बाई, त्या वेळी मले एवढं हलकं वाटलं की काय सांगू! हात पाहतो तर हात हाय, घर पाहतो तर घर हाय, पोरगी गंगूबाईच्या मांडीत डोळे उघडून माह्या डोक्यावरून टपकणाऱ्या दुधाकडे पाहून राहिली हाय.

घरात शिरल्यावर मनकर्णा म्हणाली, "आता ऐका. या घरात आजपासून एक तर दिवा राहील, नाईतर कापूस. तुमीच सांगा." मी तोंड उघडलं भाव अजून चढणार हाय असं सांगाले, अन् तोंडातून निघालं, "दिवा." मलेच नवल वाटलं. तिलेही वाटलं, कारण तिनं पुढचं भांडण तयार करून ठेवलं होतं ते तसंच राहिलं.

मंग सारा कापूस विकाले काढला, अन् सूर्यभानाच्या गाड्या भरल्या त्या अशा. ओसरी, माजघर, माळा, सारं मोकळं झालं. गंजीवर दुधापायी मुंग्या झाल्या होत्या, त्या झाडता झाडता आमचे हात सुजले, अन् काही मुंग्या गाडीबरोबर अकोल्याले येतील, त्यायले माहा रामराम सांग. या पत्राच्या मागच्या गाडीत तुह्या खोलीतली रुई हाय. सूर्यभानाले मी बजावून ठेवलं हाय की परत आल्यावर पुढं भाव कुठवर चढला ते मले सांगायचं नाई. त्या दिवशी मी घरात पाय पसरून निजलो. दोन सालात पयल्यांदा पाय भिंतीले लागले. तुही खोली सारवली, मनकर्णेनं स्वतः. खिडकी उघडली तर बाहेरचा निंब आत दिसाले लागला. गडगडी विहिरीवर परत लावली हाय, अन् दिव्यासाठी सहदेवाच्या वाडीतली मोटेची जुनी गडगडी आणली. त्यानं ती स्वतः घरी आणून दिली, मले वाडीत येऊ दिलं नाई.

नवा सांगाडाही झाला. या खेपेले सहा कोन आले अन् सहाही राहिले. कापडाले नुसता तेलाचा हात. सारं तयार हाय, पण एक मोठी अडचण हाय बाई, अन् ही अडचण तूच सोडवू शकते. वात. आबाच्या आकाशदिव्याची वात वाऱ्यात टिके, ती तू वळत होती, अन् ती कशी वळायची हे या घरात कोणालेच येत नाई. मनकर्णेले देवाची वात येते, पण ती फुंकर लागली की जाते. मी वळलेल्या वातीचं तर सांगितलंच. आता कापसाच्या गावात वातीवाचून दिवा लटकून राहिला तर लोक आबाले नावं ठेवतील, मले नाई. म्हणून म्हणतो, फक्त कामापुरती ये. वाती वळून दे. तेवढ्यात भाऊबीज आली तर तुही मर्जी. मी काही बोलावून राहिलो नाई.

लहानग्यायले आशीर्वाद, वडील मंडळीले दंडवत. पत्रातल्या खाडाखोडीत जे वाचता येत नाई ते चांगलंच असंल असं समजावं. भोळ्या भावाची ही विनंती, बाकी मिशीच नाई, मंग कोणत्या तोंडानं सांगू.

आपला,
खुशालराव

ता. क. भाऊजी, आता ध्यानात आलं की वाकड्या रेघांचं मी तुमाले त्याच रेघांच्या आत सांगितलं, अन् तुमाले तर पत्र हातात पडलं की एका दमात मोठ्यानं वाचत सुटायची सवय हाय. वाचून टाकलं असंल तर आता काय! (पण एक खरं सांगा, बाई येईल का हो? तिच्या तोंडाकडे पाहून तुमाले कळते. मले इथून काहीच दिसत नाई.)

ता. क. दुसरा. येताना काही आणू नको. म्हणजे आलीच तर. मागच्या खेपेची तुही रजई इथंच हाय, मनकर्णेनं तिच्यातला कापूस झाडून दिला, म्हणजे वरून लागलेला.

ता. क. तिसरा. मनकर्णा जवळ येऊन बसली अन् म्हणाली, काय लिहिलं ते वाचून दाखवा. वाचून दाखवलं. वातीचं आलं तसं मी ते गाळून पुढं गेलो, तर तिनं धरलं. ती म्हणते, खोटं लिहून बहिणीले गाडीत तीन दिवस बसवता का? तिच्या कमरेचा तरी विचार करा. म्हणून आता खरं लिहितो. वात मनकर्णेनं कधीचीच वळली. पयल्या खेपेतच झकास जमली. आकाशदिवा रोज सांजच्याले वर चढून राहिला अन् पहाटेपर्यंत विझत नाई, वारा असो का काही असो. काल सहदेव पेढी नदीच्या पलीकडून आला, तो म्हणे उतारावरून साफ दिसते. वातीची काहीच अडचण नाई. दिवा चढला की मी दोर खुंटीले बांधतो अन् त्या उताराकडे पाहत बसतो, एवढंच. बाई, तू ये. भाऊजी, हे मी रेघांच्या बाहेर लिहिलं हाय. मोठ्यानं वाचा.